वाळवंटात दोघंच



साठी उलटलेल्या नवरा-बायकोने दोघांनीच वाळवंटात पायी फिरायला जाणं आपल्या धर्मात बसतं का? हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला निदान सहा जणींनी विचारला. कुणी फोनवर, कुणी मंदिराच्या पायरीवर, एकीने तर सुनेकरवी. प्रश्नाच्या पोटात खरं म्हणजे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की यात्रेला जावं, नुसतं हिंडायला कशाला? दुसरा कुणी मोठ्याने बोलत नाही, पण असतो. या वयात दोघांनीच जायचं म्हणजे जरा अतिच नाही का?

माझं मत आधीच सांगून टाकते. जावं. दोघांनीच जावं, आणि शक्य असेल तर एकदा तरी वाळवंटात जावं. पण कसं जावं याला नियम हवेत. आपल्या घरात जे नियम आपण पाळतो, तेच तिथे जास्त काटेकोर लागू होतात. नियम सोडून जाणार असाल तर मात्र घरीच बसलेलं बरं, या मताचीही मी आहे.

आम्ही डिसेंबरात जैसलमेरला सहा रात्री राहून आलो. पुण्याहून जोधपूर आणि तिथून पुढे रेल्वेने. चातुर्मास संपल्यावरचा काळ आपल्याला प्रवासाला मोकळा असतो आणि वाळवंटातही तेव्हाच माणसाने जावं असं हवामान असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसा ऊन सोसवतं, रात्री मात्र स्वेटर, शाल, कानटोपी सगळं लागतं. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये, पण थंडीसाठी आपली तयारी नसते, म्हणून सांगितलं.

आता पहिला प्रश्न. स्वाध्यायात एका ताईंनी सरळ विचारलं, "हे प्रमादचर्येत येत नाही का?" प्रश्न योग्य आहे आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रमादचर्या म्हणजे विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं. त्यातच विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणंही येतं. म्हणजे ताईंचा मुद्दा ग्रंथाला धरून होता.

पण त्या व्याख्येतला 'विनाकारण' हा शब्द आपण घाईत वाचतो. हिंडण्याला दोष दिलेला नाही, निष्फळ हिंडण्याला दिला आहे. मग फळ कशाला म्हणायचं? मी कॉमर्सची, १९८१ ची बी.कॉम. मला गोष्टी कोणत्या खात्यात टाकायच्या ते ठरवल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी तीन गोष्टी ठरवल्या. एक, सहा दिवस जैसलमेरच्या साठ किलोमीटरबाहेर जायचं नाही. आपल्या देशव्रताचाच हा साधा उपयोग आहे. इतके दिवस, इतकी हद्द. आणखी एक ठिकाण, आणखी एक फोटो अशी हाव त्यामुळे आपोआप थांबते. दोन, जिथे पायांनी जाता येतं तिथे गाडीने जायचं नाही. तीन, पाणी मोजून वापरायचं आणि रोज रात्री त्याचा हिशोब लिहायचा. या तीन गोष्टी पाळल्या की प्रवासाचं फळ काय असा प्रश्न उरत नाही. उलट घरी ज्या व्रतांचे आपण नुसते पाठ करतो, त्यांची तिथे रोज परीक्षा होते.

पाण्यापासूनच सुरू करू. आपल्या घरांतून लहानपणी ऐकलेलं आहे की पाणी तुपासारखं वापरावं. मारवाडात त्याच्याही पुढे जाऊन म्हणतात की तूप सांडलं तर चालेल, पाणी सांडलं तर जीव जळतो. जैसलमेरला वर्षाचा पाऊस साधारण दोनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आपल्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो, म्हणजे पंचवीसपट. एवढ्याशा पावसावर तिथे आठशेहून जास्त वर्षं शहर उभं आहे. रावळ जैसल यांनी ११५६ साली किल्ला वसवला असं इतिहास सांगतो.

हे कसं जमलं ते समजून घ्यायचं असेल तर जाण्यापूर्वी अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूँदें' हे हिंदी पुस्तक वाचा. १९९५ चं आहे, भाषा सोपी आहे. त्यात तिथल्या लोकांनी केलेले पाण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पालर पाणी म्हणजे पावसाचं थेट जमा केलेलं. पाताळ पाणी म्हणजे खोल विहिरीचं, जे तिथे बहुतेक खारं असतं. आणि या दोन्हींच्या मधलं रेजाणी पाणी. वाळूच्या खाली काही ठिकाणी जिप्समचा, खडूसारखा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण तो थर त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ती ओल वाळूतच अडकून राहते. त्या थरापर्यंत एक अगदी अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. भिंतीतून थेंब थेंब झिरपत दिवसभरात दोन-तीन घागरी पाणी जमतं. दोन-तीन घागरी! आणि त्यावर घर चालवायचं. हे वाचून झाल्यावर हॉटेलच्या न्हाणीघरातला फवारा सोडायला हातच होत नाही.

गावातला गडीसर तलाव सगळे पाहतात. नावेत बसतात, फोटो काढतात. चौदाव्या शतकात रावळ घडसी यांनी बांधवलेला हा तलाव पिढ्यान्पिढ्या सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी होता. आता तिथे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिकेपासून निघून ते सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर कापत येतं. नळ आला, हे चांगलंच झालं. डोक्यावर घागर वाहणारी बाईच असते, तेव्हा नळाला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण नळाबरोबर एक गोष्ट आली, तिच्यावर माझं ठाम मत आहे.

मैत्रिणींनो, जैसलमेरला गेलात तर किल्ल्याच्या आत मुक्काम करू नका.

किल्ला सुंदर आहे यात वाद नाही. पिवळ्या दगडाचा, ९९ बुरुजांचा. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या चित्रपटामुळे 'सोनार किल्ला' हे नाव सगळीकडे पोहोचलं. आजही आत काही हजार माणसं राहतात, आणि २०१३ पासून राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशात आहे. पण तो उभा आहे तो मुरमाड, ठिसूळ टेकडीवर, आणि त्याची रचना घागरीने वर नेलेल्या पाण्यापुरती होती. नळ आले, मग आत हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. ते सांडपाणी गटारातून, फुटक्या नळांतून टेकडीच्या पोटात मुरत राहिलं. पाया मऊ झाला, बुरूज ढासळले, माणसं गेली. १९९० च्या दशकात जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव लागलं ते शत्रूमुळे नाही, पाण्यामुळे. नंतर दुरुस्त्या झाल्या, गटारं सुधारली. तरी तिथल्या घरमालकांची आणि जाणकारांचीही चिंता संपलेली नाही.

आत राहणाऱ्यांची घरं आहेत, त्यांनी राहावं. पण तुम्ही-आम्ही चार दिवसांचे पाहुणे. खिडकीतून दृश्य दिसावं म्हणून आपल्या अंघोळीचं पाणी त्या टेकडीत कशाला मुरवायचं? खाली गावात राहा आणि पायी वर जा. चढ अवघड नाही, माझे गुडघे साक्षीला आहेत. आम्ही खालच्या धर्मशाळेत राहिलो. दोघांत मिळून दिवसाला अंघोळीला दीड बादली, आणि तोंड-हात धुवायला तांब्या. आमच्या सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हे जमायला त्रास पडला नाही. या एका बाबतीत आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत.

किल्ल्यातली सात जैन मंदिरं सकाळी पाहा. ती श्वेतांबर आम्नायाची आहेत, मूर्तींना चक्षू आहेत, पूजेची रीत वेगळी आहे. आपल्यातल्या काही जणी एवढ्यावरून बाहेरच थांबतात. मला ते पटत नाही. पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभ, शीतलनाथ, शांतिनाथ, कुंथुनाथ, ऋषभदेव ही नावं आपलीच आहेत. हात जोडायला आम्नाय आडवा येऊ नये. संभवनाथ मंदिराच्या तळघरातला ज्ञानभांडार तर मुद्दाम समजून घ्या. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी तो उभा केला. ताडपत्रावरच्या पोथ्या तिथे टिकल्या, कारण हवा कोरडी आणि जागा बंदिस्त. आपल्या दमट भागात कसर आणि बुरशी लागते. विसाव्या शतकात मुनी पुण्यविजयजींनी तिथल्या पोथ्यांची व्यवस्थित सूची केली. ज्या कोरडेपणाला आपण शाप म्हणतो त्यानेच आगम राखले, हे तिथे उभं राहून कळतं तसं घरी कळत नाही. लोद्रव्याचं पार्श्वनाथ मंदिरही असंच. जैसलमेरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. भाटी राजांची जुनी राजधानी ओस पडली आणि सतराव्या शतकात नव्याने उभारलेलं मंदिर तेवढं राहिलं. गावात पटव्यांच्या हवेल्या आहेत, त्याही व्यापारी जैन घराण्याच्या. त्या पाहताना मला आपलं परिग्रहपरिमाण व्रत आठवलं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

आता चालण्याबद्दल. वाळवंट पाहायचे दोन प्रकार तिथे चालतात. पहिला, सममच्या टेकड्यांवर संध्याकाळी जीप उडवत नेणं. वाळूच्या चढावरून गाडी भरधाव खाली सोडतात, लोक किंचाळतात, त्याला मजा म्हणतात. मग तंबूत मोठ्या आवाजात गाणी, शेकोटी आणि रात्री नऊला जेवण. प्रमादचर्येची यादी घेऊन बसा आणि खुणा करत जा. जमीन उकरली, आग पेटवली, झुडपं चिरडली, निष्फळ हिंडलो. सगळं एका संध्याकाळी, आणि वर रात्रिभोजन. स्वाध्यायातल्या ताईंचा आक्षेप या प्रकाराला शंभर टक्के लागू आहे, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे.

दुसरा प्रकार पायी चालण्याचा. त्यासाठी आम्ही खुरीकडे गेलो. ते समपेक्षा शांत आहे. डिसेंबरात सूर्य सातनंतर उगवतो, त्याच्या थोडं आधी निघायचं. वाळू थंड असते, पायाला घट्ट लागते. वाळूच्या टेकडीला एक लांब, उतरती बाजू असते जिकडून वारा येतो, आणि दुसरी तीव्र उताराची. लांब बाजूने चढावं, पाय कमी रुततो. सकाळी वाळूवर रात्रभराचा सगळा वावर उमटलेला असतो. किड्यांच्या टाक्यासारख्या दुहेरी रांगा, सरड्याच्या शेपटीची रेघ, कोल्ह्याची पावलं. आपण म्हणतो वाळवंटात काही नाही. पहिल्या सकाळी शंभर पावलांत मी अकरा वेगवेगळ्या खुणा मोजल्या. एकेका झुडपाच्या मुळाशी केवढी वस्ती. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन पाहून चालतात, ती ईर्यासमिती आपण डोळ्यांनी रोज पाहतो आणि मान डोलावतो. स्वतः तसं चालून पाहायला मला तिथे वाळूने शिकवलं. गावात डांबरी रस्त्यावर काय तुडवतोय ते दिसत नाही. तिथे प्रत्येक पावलाआधी दिसतं.

उंटाबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. बसावं की नाही? माझं उत्तर असं की बसू नये, पण उंटवाल्याला पाठही दाखवू नये. उंटाचं काम ट्रॅक्टरने आणि जीपने घेतलं आणि उंट झपाट्याने कमी झाले. २०१९ च्या पशुगणनेत सबंध देशात सुमारे अडीच लाखच उरले होते. राजस्थानने उंटाला राज्यपशू ठरवलं आहे, पण ज्या जनावराचा सांभाळ परवडत नाही ते कायद्याने टिकत नाही. म्हणून आम्ही एका उंटवाल्याला सवारीचेच पूर्ण पैसे दिले आणि सांगितलं, आम्ही चालतो, तुम्ही वाट दाखवा, उंटावर फक्त पाणी आणि सतरंजी. तो आधी हसला. मग दोन दिवस त्याने आम्हाला खेजडी, केर, फोग, आक अशी झाडं-झुडपं एकेक करून ओळखायला शिकवलं, ते सवारीत कुणालाच मिळत नाही. अहिंसा म्हणजे फक्त न करणं नाही. आपल्या न करण्याने कुणाची चूल विझत असेल तर त्याचीही सोय आपणच पाहायची, असं मला वाटतं.

त्यानेच दूरच्या विजेच्या तारा दाखवून गोडावणची गोष्ट काढली. गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरकरांना सांगायला नको. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आपल्या दारातलं. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलं. देशात दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या भागात. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारांना आपटून मरतो. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सममध्ये पिल्लं वाढवण्याचं केंद्रही चालू आहे. ह्या तारा सौर आणि पवन विजेच्या, म्हणजे चांगल्या कामाच्या. चांगल्या कामातही हिंसा कशी लपलेली असते याचं इतकं सरळ उदाहरण मला कुठल्या प्रवचनात मिळालं नव्हतं.

आणखी दोन ठिकाणं पायी फिरण्यासारखी आहेत. बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर आकलला दगड झालेली झाडं आहेत, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची. आजच्या वाळवंटात तेव्हा जंगल होतं. आपल्या ग्रंथांतल्या काळाच्या मोजणीला जी मुलं हसतात, त्यांना तिथे न्या. दुसरं कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव. लोक तिथे भुतं शोधायला जातात. तुम्ही खडीन पाहा. उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांब बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. इतक्या कमी पावसात गहू! ज्यांनी हे जमवलं ती माणसं भुतांपेक्षा नक्कीच बघण्यासारखी होती.

खाण्याची चिंता करू नका. वाळवंटात कंदमुळं फारशी पिकतच नाहीत. बाजरीची भाकरी, कढी, गट्टे, पापडाची भाजी, केर-सांगरी. लसूण-कांदा नको एवढं आधी सांगितलं की झालं. धर्मशाळांतून आपल्यासारखं मिळतंच. अडचण वेळेची असते. सूर्यास्त पाहणं हाच तिथला मोठा सोहळा, आणि आपलं जेवण सूर्यास्ताच्या आत हवं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. आम्ही साडेचारला दशम्या, चटणी आणि गूळ खाऊन, पाणी पिऊन मोकळे व्हायचो आणि मग टेकडीवर बसायचो. पोट भरलेलं, हात रिकामे. इतरांना मावळतीच्या वेळी चहा-भज्यांची घाई असायची. पाणी सकाळी उकळून घ्यायचं, ते चोवीस तास चालतं, म्हणजे दिवसभराची सोय होते आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. कापडी उंच बूट, डोक्याला सुती ओढणी, लिंबू-मीठ-साखरेची पूड, आणि मधुमेह असेल तर खिशात खडीसाखर.

एक नियम मात्र लिहून ठेवा. नेलेल्या पाण्यातलं निम्मं संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं. पुढे काय दिसतंय ते बघायचं नाही. दुसऱ्या सकाळी आम्ही सगळ्यात उंच टेकडीकडे निघालो होतो. वर पोचायला पंधरा-वीस मिनिटं राहिली असतील, आणि आमचं पाणी निम्म्यावर आलं. हे म्हणाले, "अगं, एवढ्यासाठी?" मी म्हटलं, "अहो, ठरलंय ना." ह्यांनी टेकडीकडे एकदा बघितलं आणि वळले. एकेचाळीस वर्षांत माझ्या एका शब्दावर, कारण न विचारता, धुसफूस न करता वळण्याची ही पहिली वेळ. उतरताना हेच म्हणाले, "तू हिशोब ठेवतेस म्हणून मी निवांत असतो, हे तुला कधी बोललो नाही." दुकानात, घरात, सासू-सासऱ्यांसमोर, मुलांसमोर हे वाक्य बोलायला जागाच नव्हती. वाळवंटात जागा भरपूर होती.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही देते. दोघांनीच कशाला? आपण संघाबरोबर सम्मेदशिखरजी, श्रवणबेळगोळ, मांगीतुंगी करतो. करावंच. पण संघयात्रेत बायका काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. पहाटे चारला उठून चौका, मग सोळं, मग भांडी, मग वृद्धांची औषधं. त्यात पुण्य आहे, आनंदही आहे, पण नवऱ्याशी चार वाक्यं बोलायला बसच्या दोन वेगळ्या बाजूंना बसलेली बाई कुठून वेळ आणणार? आणि पुरुषांचंही तसंच. आमचे हे चाळीस वर्षं चादरींच्या व्यापारात. निवृत्त झाल्यावर घरात आम्ही दोघं समोरासमोर आलो तेव्हा वर्तमानपत्राच्या दोन पानांसारखे होतो. एकाच घडीतले, पण एकमेकांचं न वाचलेले. आपल्या कितीतरी घरांत हेच आहे. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून.

हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर अशा सहलीचा खर्च आपण 'चैन' या खात्यात टाकतो, म्हणून मन खातं. मी तो 'दुरुस्ती व देखभाल' या खात्यात टाकते. कोणताही शहाणा कारखानदार यंत्राला तेल घालायचे पैसे वाचवून नफा दाखवत नाही. संसार एकेचाळीस वर्षं चालला, त्यावर घसारा काढला तर काय उरेल? आणि आणखी एक खातं आहे, ज्याचा कुणी ताळेबंद काढत नाही. दोघांपैकी एक जण आधी जाणार, हे बारा भावनांतली अनित्यभावना आपल्याला रोज सांगते. मागे राहील त्याला दुसऱ्याबरोबरच्या काही निवांत सकाळी आठवायला हव्यात. त्या आधी जमा केल्या नाहीत तर नंतर काढणार कुठून?

राग-मोह वाढेल, असंही एकीने म्हटलं. मला उलट वाटतं. ज्याच्याशी नीट बोलणं झालं नाही, त्याच्याबद्दलची कुरबुरच जास्त चिकटून राहते. क्षमावाणीला आपण सगळ्या गावाची क्षमा मागतो, आणि घरातल्या माणसाला हात जोडताना हसून घेतो, कारण तिथे मागायला खरं काहीतरी असतं.

पैशांचं म्हणाल तर धर्मशाळा, रेल्वे आणि पायी फिरणं यात खर्च बेताचाच होतो. प्रकृतीचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून जा, आणि गुडघे दुखत असतील तर टेकडी चढू नका, सपाटीवर चाला. खुणा तिथेही असतात. मन वळत नसेल तर आधी नान्नजला एक सकाळ जाऊन या. माळढोक दिसेलच असं नाही, पण काळवीट दिसतील, माळ दिसेल, आणि बाजूला चालणारा माणूस कसा चालतो तेही कळेल.

कार्तिकी पौर्णिमेनंतरची तिकिटं लवकर संपतात. जायचं ठरलं तर आत्ताच काढा. निघताना हद्द ठरवा, पाणी मोजा, मुक्काम किल्ल्याखाली करा. आणि आल्यावर मला कळवा, तुमच्यात परत फिरा असं कोण म्हणालं आणि कोण वळलं.